कडता

सावद्याच्या केळी सोसायटीत, काट्याच्या खोलीत
पंच्याण्णव सालचं मशीन.
फ्लॉपीचं तोंड गंजलेलं, यूएसबीचं भोक मुळातच नाही.
पाठीमागे एक सिरियल पोर्ट, नऊ पिनांचा, एवढीच वाट.
आत चाळीस एमबी:
गाडी नंबर, घड, दांडा, गाव, नाव.
भुसावळहून मी केबल घेऊन आले.

पुंडलिक फिरके, निवृत्त काटेवाले,
मुद्दाम बोलावून आणलेले, खुर्चीत बसूनच म्हणाले,
"किती वेळ लागीन?"

जुन्या पावतीच्या पाठीवर मांडलं.
वेग नऊ हजार सहाशे. पण हे बिट, बाइट नव्हेत.
आठांनी भागून बाराशे म्हणाल, तर थांबा:
प्रत्येक अक्षरापुढे एक बिट चालतो, आलो म्हणत,
मागे एक, संपलो म्हणत.
दहा खर्ची पडतात, आठ पदरात.
"म्हंजे कडता," फिरके म्हणाले.
"दांड्याचं वजन कापता ना, तसा."
कॉलेजात चार वर्षं काढली,
इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

तर सेकंदाला नऊशे साठ अक्षरं.
आणि एमबी कोणता, हजाराच्या पाढ्याचा
की एक हजार चोवीसच्या?
"कच्चा मण का पक्का, सरळ इचार ना व माय."
पक्का.
बारा तास, आठ मिनिटं.
वीज टिकली तर.

सातला सुरू केलं.
भिंती दिवसभराचं ऊन परत करत होत्या,
कूलर पाण्यावाचून नुसताच गुरगुरत होता.
वेळ काढायला आम्ही वेग मोजत बसलो.
फ्लॉपी धड असती तर एकोणतीस लागल्या असत्या,
बदलाबदलीसकट पाऊण तास.
दिल्लीच्या आडत्याला भाव कळवायचा मॉडेम:
खोक्यावर छप्पन्न, फैजपूरच्या लायनीवर
मिळायचे अठ्ठावीस.
"तिथं तं निम्मा कडता."
माझ्या पर्समधला पेन ड्राइव्ह: दोन सेकंद.
यावर ते काही बोलले नाहीत.

दीडच्या सुमाराला दिवे गेले.
यूपीएस ओरडू लागला, फिरके उठले
आणि त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहिले,
बिथरलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
सहा मिनिटं. मग पंखा हलला.
आकडा पुढे सरकत होता, तुटला नव्हता.

"माह्या बोटाचा वेग काढ ना."
एका सेकंदात किती कळा?
त्यांनी टेबलावर वाजवून दाखवलं. चार.
हे सगळं यांनीच टाइप केलेलं, अठरा वर्षं.
चाळीस एमबी भागिले चार:
दोन हजार नऊशे बारा तास.
आठ तासांची पाळी धरली तर
तीनशे चौसष्ट दिवस.
मी पुन्हा भागून पाहिलं. तेवढेच.
"वर्षाले एक दिवस कमी," ते म्हणाले,
आणि तो दिवस कोणता असावा
याचा खरोखरच विचार करू लागले.

पहाटे पडद्यावर नावं धावत होती.
एका ओळीत वजन शून्य.
"हा नामदार तडवी. वादळात बाग झोपली होती,
तरी गाडी घेऊन आला. म्हने, नोंद तं कर."
शून्यालाही सात घरं लागतात फाइलमध्ये.
रिकामी गाडी आणि भरलेली गाडी
तारेतून सारख्याच वेळात जातात.

सात वाजून आठ मिनिटांनी बीप झाला.
पेन ड्राइव्हवर उतरवायला लागले दोन सेकंद;
फिरके चष्मा पुसत होते, त्यांना दिसलंच नाही.

बिल करायला बसले.
माल: चाळीस एमबी.
दर:
इथे पेन थांबलं. बिटाला? तासाला?
काट्यावर पहिली गाडी चढली, खिडकीची काच थरथरली.
फिरके सवयीने उठले, आकडा वाचला, मोठ्याने,
आणि लिहायला कुणी नाही हे लक्षात येऊन
माझ्याकडे पाहिलं.
मी दराच्या रकान्यात तोच लिहून घेतला.